भेटण्याची वेळ सहा ते सात

“त्यात काय अवघड आहे? पप्पांचं ऑफिस मी चालवतो!”

शांभवीनं हे जाहीर केलं तेव्हा ती नववीत होती, तोंडात पोह्यांचा घास होता आणि आवाज राजारामपुरीच्या पार शेवटच्या गल्लीपर्यंत जाईल असा होता. (कोल्हापुरात पोरीसुद्धा ‘चालवतो’च म्हणतात. ‘चालवते’ म्हणत बसायला वेळ कुणाला आहे?) गेल्याच महिन्यात तिला वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळाली होती, आणि तेव्हापासून तिला जमणार नाही असं एकही काम जगात उरलं नव्हतं!

काम होतं पप्पांना घरी ठेवायचं.

म्हणजे असं की शांभवीचे पप्पा, सोमशेखर, सात वर्षं पुण्यात नोकरीला. रविवारी सकाळी यायचे आणि रविवारी संध्याकाळी पाचच्या गाडीनं परत जायचे. आठवड्याला नऊ तास पप्पा! त्यातले दोन झोपेत, एक दाढी-आंघोळीत, अर्धा चष्मा शोधण्यात. पाच वाजायला आले की मम्मी डबा भरताना उगाच भांडी आपटायची आणि शांभवी उगाच गृहपाठ काढून बसायची. गृहपाठ! स्वतःहून! यावरून प्रसंग किती गंभीर असायचा ते ओळखा.

पप्पांची कंपनी दवाखान्यांसाठी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम बनवायची आणि त्यातल्या चुका शोधायचं काम पप्पांचं. दिवसभर चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. मम्मीला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ती म्हणाली होती, “अगंबाई! हे तर तुमच्या घरात सगळेच करतात. फुकट!”

मग दोन हजार सहा साली घरात ब्रॉडबँड आलं आणि शांभवीच्या डोक्यात प्रश्न आला. तिला प्रश्न फार पडायचे. चतकोर भाकरी खाऊन होईपर्यंत चार.

“पप्पा, ऑफिसात गेल्यावर तुम्ही काय करता?”

“कॉम्प्युटरसमोर बसतो.”

“मग?”

“मग उठतो.”

“तिथं जायला किती वेळ लागतो?”

“दोन बस बदलून सव्वा तास.”

“आणि यायला?”

“सव्वा तास. रस्ता खणला असेल तर दीड.”

“म्हणजे कॉम्प्युटरसमोर बसायला अडीच तास बसमध्ये उभं राहायचं? कॉम्प्युटर इथं घरात असताना? ते पण इस्त्री करून, बूट घालून, गळ्यात स्वतःचा फोटो अडकवून! सात वर्षांत तुमचा चेहरा तिथं कुणाला पाठ झाला नाही व्हय?”

पप्पा हसले. आणि सोमवारी त्यांनी धीर करून उपासनी मॅडमना विचारलं.

उपासनी मॅडम म्हणजे पप्पांच्या साहेब. त्यांचं मत पक्कं होतं, घरून काम म्हणजे लुंगी लावून डुलक्या. पण पप्पांनी सात वर्षांत एकदाही काही मागितलं नव्हतं, म्हणून त्यांनी एक महिना दिला. “महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी मी स्वतः कोल्हापूरला येऊन बघेन,” त्या म्हणाल्या. “पटलं तर राहा तिथंच. नाही पटलं तर सोमवारी इथं टेबलावर. आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही!”

झालं! कंपनीचा कॉम्प्युटर बसच्या मागच्या सीटवर रजई पांघरून कोल्हापूरला आला. पुढची खोली ऑफिस झाली. आणि पहिल्याच आठवड्यात त्या ऑफिसची पार दशा झाली!

कारण राजारामपुरीत भर दिवसा पुरुषमाणूस घरात दिसला तर त्याची तीनच कारणं असू शकतात. रजा, आजारपण, नाहीतर नोकरी गेली. चौथं कारण अजून कुणी ऐकलेलं नव्हतं. समोरच्या अंबूबाई पहिल्या दिवशी शहाळं घेऊन आल्या, दुसऱ्या दिवशी सांत्वन घेऊन आल्या आणि तिसऱ्या दिवशी घराची किल्ली घेऊन आल्या. “सोमशेखर, घरातच हाईस न्हवं? शिलिंडरवाला आला तर घेऊन ठेव की.” कोपऱ्यावरच्या स्टॅंडचे पिराजीमामा रिक्षा लावून वर यायचे. “दादा, रिकामंच हाय तर पोरीचा शाळंचा फॉर्म भरून द्या की!” आणि परके तर परके, खुद्द मम्मी! “अहो, बसलाच आहात तर लसूण सोला की.” पप्पा एका हातानं चुका शोधत आणि दुसऱ्या हातानं लसूण सोलत. त्या कीबोर्डला अजून फोडणीचा वास येतो म्हणतात.

शनिवारी कळस झाला. पप्पा खांद्यावर अंबूबाईंचं सिलेंडर घेऊन जिन्यात अडकले असताना इकडे स्क्रीनवर मॅडमचे निरोप उमटत होते. ‘कुठे आहात?’ मग पुन्हा, ‘कुठे आहात?’ मग, ‘मी वीस मिनिटं वाट बघतेय.’ आणि शेवटी एकच ओळ, ‘शेवटच्या शुक्रवारी बोलू.’

पप्पांनी ती ओळ वाचली आणि कपाटावरची बॅग खाली काढली. नुसती झटकली आणि परत ठेवली. पण शांभवीनं ते बघितलं. आणि म्हणून दुसऱ्या दिवशी, पोह्यांचा घास तोंडात असताना, तिनं ऑफिस चालवायला घेतलं!

तिचा विचार एकदम सरळ होता. घर आणि ऑफिस यात फरक काय? ऑफिसला पाटी असते! पाटी आली की शिस्त आली. मग तिनं पुठ्ठा घेतला, स्केचपेन घेतली, आणि ऑफिसची पाटी कशी असते हे ठाऊक नसल्यामुळे खालच्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्याची, पलीकडच्या क्लासची आणि शाळेच्या वाचनालयाची अशा तीन पाट्यांमधलं चांगलं चांगलं उचललं. जिन्यात उघडणाऱ्या दारावर पाटी लागली:

*शांतता राखा. आत काम चालू आहे. भेटण्याची वेळ सायंकाळी ६ ते ७. चपला बाहेर काढाव्यात. नंबराप्रमाणेच आत सोडले जाईल.*

“नंबर कशाला गं?” मम्मीनं विचारलं.

“वजन येतं!” शांभवी म्हणाली.

आणि खरंच वजन आलं! सोमवारी दिवसभर कुणी आलं नाही. किल्ली नाही, फॉर्म नाही, लसूणसुद्धा नाही. पप्पा साडेआठला बसले ते जेवायलाच उठले. शांभवी शाळेतून आली तर घरात अशी शांतता, की भिंतीवरचं घड्याळ पहिल्यांदाच ऐकू आलं. तिनं आरशासमोर उभं राहून स्वतःचं अभिनंदन केलं.

पण एक गोष्ट त्या हुशार पोरीच्या ध्यानात आली नव्हती. राजारामपुरीत ज्या दारावर भेटीची वेळ लिहिलेली असते, तिथं आत तीनच प्रकारची माणसं बसतात. डॉक्टर, क्लासवाले सर आणि ज्योतिषी. पप्पांच्या गळ्यात नळी नव्हती, हातात खडू नव्हता. समोर कॉम्प्युटर मात्र होता. आणि त्या वर्षी गावात कॉम्प्युटरवरच्या पत्रिकेचं असं काही खूळ आलं होतं, की हातानं मांडलेल्या पत्रिकेकडं कुणी ढुंकून बघेना!

त्याच संध्याकाळी सहाच्या ठोक्याला दारात अंबूबाई. हातात पिवळा पडलेला कागद. चपला बाहेर, पदर डोक्यावर, आणि एरवी बिनधास्त स्वयंपाकघरापर्यंत येणारी बाई उंबऱ्यावर हळूच विचारते, “शांभवे, माझा नंबर लागला का गं?”

शांभवीनं रिकाम्या जिन्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, “लागला. या.”

अंबूबाईंनी कागद पप्पांपुढं ठेवला. “आमच्या आकारामची पत्रिका. बत्तीस वर्साचा घोडा झाला, लगीन ठरंना. बघ की तुझ्या कॉम्प्युटरात.”

“काकू, मला पत्रिकेतलं काही कळत नाही हो.”

“कळणारी माणसं असंच म्हणत्यात. बघ बघ!”

पप्पांनी कागद परत द्यायला म्हणून उचलला. पण सात वर्षांची सवय! डोळे कागदावर पडले आणि आपोआप फिरायला लागले. “काकू,” ते म्हणाले, “यात जन्मतारीख एकतीस जून लिहिली आहे.”

“व्हय. मग?”

“जून तीसच दिवसांचा असतो.”

अंबूबाई मटकन खुर्चीत बसल्या. मग एकदम, “आरं देवा! ज्या दिवशी जल्मलाच न्हाई त्या दिवसाची पत्रिका घेऊन हिंडतोय व्हय आमी बारा वर्सं! मग कशाला ठरंल लगीन!”

अंबूबाईंनी जन्माचा दाखला शोधला, तारीख तीस जून निघाली, नवी पत्रिका झाली. आणि योगायोग बघा, गुरुवारी जयसिंगपूरच्या स्थळाचा होकार आला! खरं तर होकार आधीच ठरलेला होता, मुलीच्या मामांचं पत्र तेवढं उशिरा पोचलं होतं. पण हे ऐकून घेतंय कोण? शुक्रवारी सकाळपर्यंत बातमी भाजी मंडईत गेली होती. दुपारी ती बसस्टॅंडवर होती. तिथून ती फुकटात कुठंही गेली असणार.

“सोमशेखर सायबांनी निस्ता कागद बघितला, पोरी, निस्ता कागद! आणि चूक काढून हातात दिली! पैसं बी घेत न्हाईत!” अंबूबाई भेटेल तिला सांगत होत्या.

पुढच्या सोमवारी जिन्यात सहा माणसं. बुधवारी अकरा. पिराजीमामांच्या पुतण्याच्या पत्रिकेत बापाच्या जागी आजोबांचं नाव निघालं. आजऱ्याहून आलेल्या जोतीरामांच्या लेकीचा जन्म ‘रात्री चौदा वाजता’ झालेला निघाला! पप्पा रोज सांगायचे, मी ज्योतिषी नाही. लोक रोज मान डोलवायचे. जितकं जास्त सांगावं तितकी जास्त मान!

“शांभवी, हे बंद कर,” पप्पा म्हणाले.

“पप्पा, दिवसभरात कुणी त्रास दिला?”

“नाही.”

“साडेआठ ते सहा, कुणी आलं?”

“नाही. पण...”

“मग एक तास द्या की त्यांना! लोक किती सांभाळतात तुम्हाला!”

ते मात्र खरं होतं. अख्खी गल्ली आता पप्पांची राखण करत होती. भंगारवाला ओरडत आला की अंबूबाई गॅलरीतून दबक्या आवाजात खेकसायच्या, “ए! सायेब बसल्यात!” पिराजीमामांनी स्टॅंडवर हॉर्नबंदी केली. कोल्हापुरात! रिक्षावाल्यांची! पप्पा एकामागून एक चुका शोधत होते, रात्री तिघं एकत्र जेवत होते, आणि रविवारचे पाच वाजून गेल्याचं कुणाच्या लक्षातही येत नव्हतं.

आणि मग आला शेवटचा शुक्रवार.

मॅडम सकाळी दहाला येणार होत्या. शांभवीनं शाळेला दांडी मारली, खोली तीनदा झाडली, पप्पांना घरातल्या घरात बूट घालायला लावले. दहा वाजले. बारा वाजले. मम्मीनं केलेला उपमा दगड झाला. चार वाजता पप्पा म्हणाले, “आज काही येत नाहीत त्या.” त्यांनी बूट काढले. साडेपाचला जिन्यात माणसं जमायला लागली, आणि एवढी लांबून आलेली माणसं परत कशी पाठवायची?

सव्वासहाला गल्लीच्या तोंडाशी एक धुळीनं माखलेली गाडी थांबली. कऱ्हाडजवळ तिचं एक चाक पंक्चर झालं होतं, आणि गावातून मागवलेलं दुसरंही पंक्चर निघालं होतं. चुरगळलेल्या सुती साडीतल्या एक बाई जिना चढून वर आल्या आणि जागीच थांबल्या.

दारापुढं तीस-पस्तीस चपला. पायऱ्यांवर माणसं. आणि सगळ्यात वरच्या पायरीवर, मांडीवर वहीच्या चिठ्ठ्या घेऊन अंबूबाई.

“पावणं, नंबर घ्या.”

“मला सोमशेखर यांना भेटायचं आहे.”

“मग आमी काय जिना मोजायला आलोय व्हय? घ्या. चौदा.”

“अहो, मी त्यांची साहेब आहे!”

“हितं समदीच सायेब हाईत. परवा एक मामलेदार बी बसून गेला. तिथं बसा, जोतीरामच्या शेजारी. चपला काढा!”

पुण्यात तीस माणसं ज्यांच्या पावलांच्या आवाजानं ताठ बसायची, त्या उपासनी मॅडमनी चपला काढल्या. हातात चिठ्ठी घेतली. आणि जोतीराम आणि पिराजीमामा यांच्या मधल्या पायरीवर बसल्या.

“हे गृहस्थ,” त्यांनी हळूच विचारलं, “दिवसभर करतात तरी काय?”

“काय करत्यात?” पिराजीमामा म्हणाले. “काय बी करत न्हाईत!”

मॅडमनी पर्समधून वही आणि पेन काढलं.

आत शांभवीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती नंबर पुकारत होती, कागद घेत होती, तिच्या उत्साहाला नुसतं भरतं आलं होतं. “नंबर तेरा, झालं! नंबर चौदा!”

नंबर चौदा आत आल्या. पप्पा मान खाली घालून कुणाच्या तरी पत्रिकेतला फेब्रुवारी मोजत होते.

“बसा,” शांभवी वही उघडून म्हणाली. “काय अडलंय? लग्न का नोकरी?”

“नोकरी,” बाई म्हणाल्या.

“कुणाची?”

“तुझ्या वडिलांची.”

पप्पांनी मान वर केली. आणि शांभवी सांगते की तिनं माणसाचा रंग उडताना पहिल्यांदाच बघितला. आधी कान पांढरे होतात.

“मॅडम! तुम्ही! मी... हे... मी ज्योतिषी नाही!”

“ते दिसतंय. मग बाहेर ही जत्रा कसली आहे? कंपनीच्या कॉम्प्युटरवर तुम्ही पत्रिका बघता? आणि दिवसभर काही काम करत नाही म्हणे!”

“पप्पांनी नाही केलं!” शांभवी ओरडली. वक्तृत्वाची ढाल मिळवलेला आवाज कुठं गेला कोण जाणे, नुसती चिरकली ती. “पाटी मी लावली. नंबर मी काढले. त्यांनी रोज बंद कर म्हणून सांगितलं. त्यांना पुण्याला नका नेऊ!”

हा चिरका आवाज जिन्यात ऐकू गेला. पुण्याला नेणार? सायबांना? पुढच्या क्षणी दार उघडून अंबूबाई, पिराजीमामा, जोतीराम आणि नंबर पंधरा ते बावीस असे सगळे आत!

“कोण न्हेतंय?” अंबूबाईंनी पदर खोचला. “काय बी काम करत न्हाईत म्हंता व्हय?”

“असं हेच म्हणाले,” मॅडमनी पिराजीमामांकडं बोट दाखवलं.

“आवो, काय बी करत न्हाईत म्हंजे दुसरं काय बी करत न्हाईत!” पिराजीमामा कळवळले. “आमच्या स्टॅंडवरनं खिडकी दिसती. सकाळी साडेआठला डोस्कं दिसतं, ते सांजच्याला सहालाच हलतं. रिक्षाच्या मीटरवानी बसत्यात!”

“मंगळवारी पावणेबाराला उठलं हुतं,” अंबूबाई म्हणाल्या. “पाच मिंटं. बाथरूमला. बुधवारी अकरा धाला पाणी प्यालं. गुरुवारी शिंकलं दोन डाव, पर जाग्यावरच. लोडशेडिंगात बी त्या बॅटरीवर चालूच. माझं ध्यान असतंय की! दिसभर मला दुसरं काम काय?”

मॅडम लिहीत होत्या. लिहिता लिहिता थांबल्या. “आमच्या ऑफिसात,” त्या सावकाश म्हणाल्या, “हजेरीचं मशीन आहे. परदेशातून आणलंय. ते शिंका मोजत नाही.”

मॅडमनी पर्समधून एक छापील कागद काढून पप्पांपुढं ठेवला.

“हा महिन्याचा अहवाल. पहिला आठवडा भयंकर आहे. पण पुढच्या तीन आठवड्यांत तुम्ही एकट्यानं जेवढ्या चुका शोधल्यात, तेवढ्या पुण्यात चौघांनी मिळून शोधल्या नाहीत. मला वाटलं, यात काहीतरी गडबड आहे. म्हणून दोन चाकं पंक्चर होऊनसुद्धा आले.” त्यांनी वही मिटली. “पत्रिका आजपासून बंद. बाकी मला पटलं. राहा इथंच.”

खोलीत जो आरडाओरडा झाला तो शांतता राखा या पाटीखाली शोभणारा नव्हता. अंबूबाईंनी मॅडमची दृष्ट काढली. मम्मीनं तो दगड झालेला उपमा परत गरम करायला ठेवला. शांभवी तर पप्पांच्या गळ्यातच पडली. तिनं मनात लगेच पुढची योजनाही आखली होती. वेळापत्रक! घंटा! दर दोन तासांनी लिंबू सरबत!

एवढ्यात पप्पा घसा खाकरून म्हणाले, “मॅडम, एक विनंती होती.”

“बोला.”

“चार दिवस घरून करतो. पण आठवड्यातले दोन दिवस... तिकडं ऑफिसात येऊन बसलो तर चालेल का?”

शांभवीचे हात गळून पडले. मॅडमसुद्धा चकित झाल्या. “अहो, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केलात, तेच सोडून? का?”

“जरा शांतता मिळते,” पप्पा खाली बघत म्हणाले.

“कुठले दोन दिवस?”

“शुक्रवार आणि शनिवार.”

“पण पप्पा!” शांभवी कळवळून म्हणाली. “शनिवारी माझी सकाळची शाळा असते! साडेअकरालाच घरी येतो मी! अख्खा दिवस तुमच्या ऑफिसकडं लक्ष दिलं असतं की!”

पप्पांनी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी शांभवीकडं बघितलं. वरपासून खालपर्यंत, नीट.

“मंजूर,” मॅडम म्हणाल्या.